एहराम सुटण्याआधीचा निकाह

मोशी, २० जून २०२५

चाचांना तस्नीमचा सलाम.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्हाला ऐकू जावं म्हणून मला ओरडावं लागतं, मग चाची स्पीकर लावते आणि अर्धी वाडी ओट्यावर जमा होते. ही गोष्ट ओट्यावरची नाही. चाचीनं विचारलं तर सांगा, पोरीला दीनाचा, धर्माच्या नियमाचा, एक मसला विचारायचाय. ते खरंच आहे.

काल गुरुवार, कंपनीला सुट्टी. इरशादच्या नात्यातल्या दोघी बायका पुढच्या महिन्यात मक्केला उमऱ्याच्या यात्रेला निघाल्यात. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अम्मींनी, त्यांना मुद्दाम घरी बोलावलं. "आमची सून जाऊन आलीय, ती समदं नीट सांगती. टूरवाल्याचं कशाला ऐकताय?" मीही हौसेनं बसले. कंपनीत नवीन पोरींना इन्स्पेक्शन शिकवते, तशी एकेक पायरी करून सांगत गेले. एहराम म्हणजे नुसता कपडा नव्हे, बायकांना तर वेगळा कपडाही नसतो. ती एक अवस्था आहे. मनाशी नीयत केली की तुम्ही तिच्यात शिरलात. मग अत्तर नाही, वासाचा साबण नाही, केस-नखं कापायची नाहीत, नवराबायकोचा संबंध नाही, निकाह लावायचा नाही. मग काबेभोवती तवाफाच्या सात प्रदक्षिणा, मग सफा-मरवा टेकड्यांमधल्या फेऱ्या. आणि शेवटी बाईनं बोटाच्या पेराएवढे केस कापले, की एहराम सुटला. "तेवढं विसरू नका," मी म्हणाले, "केस कापल्याशिवाय त्यातून बाहेर पडता येत नाही."

आणि चाचा, हे बोलता बोलता मला माझाच हात डोळ्यांपुढे दिसला. एका हातात छोटी कात्री, दुसऱ्या हातात कापलेले केस. पांढरे.

माझे केस पांढरे नाहीत.

गेल्या नोव्हेंबरात मी, आई आणि मामू उमऱ्याला गेलो होतो, तेव्हाचं तुम्हाला माहीतच आहे. मरवावर शेवटची फेरी संपली आणि आई कोसळली. व्हीलचेअर, दवाखाना, सलाईन. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं काय विचारलं, तर "माझे केस?" मी कात्री काढून तिचे केस कापले. मामू तोवर बाहेर जाऊन डोकं भादरून आले होते. "झालं ना सगळं?" त्यांनी दारातून विचारलं. मी म्हटलं, झालं. कात्री माझ्या हातात होती, केस माझ्या हातात होते. मला झालं असंच वाटलं. कालपर्यंत तसंच वाटत होतं.

त्या बायकांपुढे मी वाक्य पुरं केलं आणि चहा टाकायला आत गेले.

जानेवारीत तुम्ही माझा निकाह लावून दिलात. अब्बा नाहीत, भाऊ नाही, म्हणून वली, माझ्या वतीनं निकाह लावून देणारे, तुम्ही. त्या दिवशी मी एहरामातच होते का? आपण कोकणी लोक शाफई. इरशादचं घर हनफी; दीन एकच, पण मज्हबाचे नियम वेगळे. आजवर या फरकाचा घरात एवढाच परिणाम होता, की माझी अस्रची, तिसऱ्या प्रहरची नमाज अम्मींच्या आधी होते आणि त्या मला भिंतीवरचं घड्याळ दाखवतात. आता हा फरक भलत्याच ठिकाणी येऊन उभा राहिलाय.

मला धीर देऊ नका, मसला सांगा. बाकी सगळं ठीक. नोकरी आहे अजून.

तुमची
तस्नीम


पांगारखाडी, ता. दापोली
२८ जून २०२५

अजीज तस्नीमला चाचाचे सलाम आणि दुआ.

तुझं पत्र मिळालं. मसला आहे म्हणून सांगितल्यावर चाचीनं पाकीट हातावर तोलून पाहिलं आणि "एवढा जड मसला?" असं विचारून ती चुलीकडे गेली.

पहिलं काम पहिलं. जिथे हे वाचत असशील तिथे थांब. नीयत कर, पेरभर केस काप आणि मग पुढे वाच. आपल्या मज्हबात केस कापणं हे उमऱ्याचं अंगच आहे, ते टाळून उमरा पुरा होत नाही. पण त्याला मुदत नाही, आणि ते मक्केतच व्हायला हवं असंही नाही.

कापलेस? मुबारक हो. आता तुझा एहराम सुटला.

मधल्या महिन्यांबद्दल. मी तीसेक वर्षं पोरांना गणित शिकवलं, तेव्हा फोड करून सांगतो. एहरामातल्या मनाईचे दोन भाग धर. एक भाग उपभोगाचा, म्हणजे अत्तर, कपडे, नवराबायकोचं नातं. हे विसरून किंवा न कळता घडलं तर आपल्याकडे भरपाई नाही. तुला माहीतच नव्हतं, तेव्हा गुनाह नाही, दंड नाही, उमराही बिघडला नाही. दुसरा भाग काहीतरी नाहीसं करण्याचा, म्हणजे केस आणि नखं कापणं. कापलेलं नख पुन्हा बोटाला चिकटत नाही, म्हणून तिथे आपली किताबं विसरलेल्यालाही भरपाई सांगतात. तू नखं कापली असणारच. तीन रोजे ठेव, घरी ठेवलेस तरी चालतात. विषय संपला.

राहिला निकाह. एक आठवून सांग. उमऱ्याहून आल्यावर आणि निकाहाच्या आधी तू डोक्याचे केस कापले होतेस का? नवऱ्यामुली पार्लरात जातात, शेंडे कापतात. एहराम ध्यानात नसतानाही कापले असतील, तर ते जमेस धरणारे आलिम आहेत आणि मग काही प्रश्नच राहत नाही. नीट आठव. घाई नको.

आणि नसतील कापले, तरी घाबरायचं कारण नाही. एहरामात लावलेला निकाह आपल्याकडे लागत नाही हे खरं. पण हनफींकडे तो लागतो. इरशाद हनफी आहे, त्याच्या हिशोबानं तू त्याची बायको आहेस. या आधारावर गप्प राहा. दोन घरांत कुजबुज नको गो. तुझं अक्षर पाहून कळलं, पोरगी फार भेदरली आहे. एवढं भेदरू नकोस.

दुआगो
तुझा चाचा, अब्दुल गफूर परकार


मोशी, ६ जुलै २०२५

चाचांना सलाम.

केस कापले. स्वयंपाकघरात उभी राहून तुमचं पत्र वाचत होते, तिथेच भाजीची कात्री घेतली. मक्केत सुरू झालेला उमरा मोशीत, गॅसच्या ओट्यापाशी पुरा झाला. तीन रोजेही ठेवले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. पार्लरवाली शेंडे कापणार होती. अंबाड्याला केस कमी पडतील म्हणून मीच तिला नको म्हटलं होतं. "हो, कापले होते" असं तुम्हाला लिहिणं सोपं होतं. तुम्ही ते मानलंही असतंत.

आता जे लिहिते ते नीट वाचा. मी भेदरलेली नाही. त्या दिवशी चहा टाकायला आत गेले तेव्हा मला भीती वाटली नव्हती. चाचा, मला हलकं वाटलं होतं. आणि हलकं वाटलं याचंच मला जास्त नवल वाटलं. पहिल्या पत्रात हे मी तुम्हाला लिहिलं नाही.

इरशाद वाईट माणूस नाही, हे आधी सांगून टाकते. भोसरीच्या टूलरूममधून येतो, ऑइलचे हात धुतो, जेवतो, मला दिवस कसा गेला ते विचारतो. कधी आवाज चढवत नाही. पण लग्नानंतर महिन्याभरातच अम्मींनी विषय काढला, की सेकंड शिफ्ट असलेली नोकरी घरातल्या बाईला बरी नाही, दिवाळीपर्यंत सोडून दे. इरशाद तिथेच बसला होता. काही बोलला नाही. आणि मी लगेच हो म्हटलं. मी, जी कंपनीत सप्लायरच्या मॅनेजरला तोंडावर सांगते की तुमचा अख्खा लॉट परत जाणार. का हो म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही. नवीन घर होतं, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि होकार निघून गेला. तेव्हापासून रोज चाकणला बसमधून उतरते तेव्हा वाटतं, आता अशा मोजक्याच सकाळी उरल्यात.

निकाहातही तसंच झालं होतं. तुम्ही साक्षीदार घेऊन आत आलात, भोवती खाला, मावसबहिणी, कॅमेरावाला. तुम्ही काय विचारलंत ते मी ऐकलंच नाही. सगळ्या बायका मान हलवत होत्या म्हणून मीही हलवली.

मग केस कापल्यावर मी इरशादला सगळं सांगितलं. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "आत्ता, या घटकेला, तुझ्या हिशोबानं मी तुझा कोण?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

"आणि माझ्या हिशोबानं तू माझी बायको."

"हो."

त्यानं उशी उचलली आणि तो हॉलमध्ये गेला. तेव्हापासून तिथेच झोपतो. दार वाजवल्याशिवाय खोलीत येत नाही, स्वतःचा शर्ट घ्यायला आला तरी. अम्मींना म्हणाला, गादी पाठीला लागते.

तुम्ही मला गप्प राहायचा रस्ता दाखवलात. पण लहानपणापासून शाफई म्हणून तुम्हीच मला वाढवलंत, आणि आता अडचण आली म्हणून एका दिवसापुरती हनफी कशी होऊ? मला एवढंच सांगा. आपल्या किताबानं आज माझा निकाह नसेल, तर हो की नाही हे आता पुन्हा मी सांगायचं आहे का? खरोखर मी?

तस्नीम


पांगारखाडी
१५ जुलै २०२५

अजीज तस्नीम,

तुझं पत्र खळ्यात बसून वाचलं. मग उठून खाडीपर्यंत चालत गेलो आणि परत येऊन पुन्हा वाचलं. मागच्या खेपेला मी मसला सांगितला खरा, पण माझं लक्ष तुझ्यापेक्षा लोकांच्या तोंडाकडे जास्त होतं. आता सरळ सांगतो.

हो. खरोखर तू.

आपल्या मज्हबानं जानेवारीचा निकाह लागलेला नाही. त्यासाठी तलाक लागत नाही, कारण जे जुळलंच नाही ते तोडायचं काय. इरशादशीच पुन्हा निकाह करायचा तर इद्दतीची, म्हणजे मधे थांबायच्या मुदतीचीही गरज नाही, आज ठरवलं तर आज होईल. तोवर वेगळं राहायचं, आणि ते तो पोरगा न सांगता करतो आहे. झालेल्या दिवसांचा कुणावर गुनाह नाही. या काळात मूल राहिलं असतं तर तेही पूर्ण हक्काचं, तुमचं दोघांचं असतं. ती शंका मनात असेल तर काढून टाक.

आणि होकाराचं. मी तुझा चाचा. तुझ्या मर्जीशिवाय तुला कुणाच्या निकाहात द्यायचा हक्क मला तेव्हाही नव्हता, आताही नाही. तेव्हा तू कुँवारी होतीस, म्हणून मान हलली तरी पुरलं. आता पुरणार नाही. आता तुला तोंडानं, शब्दांत सांगावं लागेल, आणि ते मला ऐकू यायला हवं. न ऐकता मी पुढे जाणार नाही.

एक गोष्ट मात्र चाचा म्हणून सांगतो. तुला जायचं असेल तर जा. मी वल्लभनगरच्या स्टँडवर घ्यायला येईन आणि वाडीतल्या एकालाही उत्तर देणार नाही. पण किताबातल्या फटीतून निघून जाऊ नकोस. इरशादच्या मज्हबात तू त्याची बायको आहेस. तुला जायचंच असेल तर त्याला तोंडावर सांग आणि त्याच्याकडून तलाक घे, म्हणजे त्याचीही मान मोकळी होईल. आणि राहायचं असेल, तर राहण्यासाठी तुला काय हवं ते आधी तू स्वतःशी ठरव. त्यानं नोकरी सोड असं म्हटलं नाही, हे तू लिहिलंस. सोडू नकोस असंही म्हटलं नाही, हेही लिहिलंस. का म्हटलं नाही, ते विचारलंस का?

चाचीला मी अजून काही सांगितलेलं नाही. पण ती आता पाकीट तोलत नाही. नुसती माझ्याकडे बघते.

दुआगो
चाचा


भोसरी, २१ जुलै २०२५

आदरणीय चाचांना इरशाद मुलाणीचा सलाम.

मी पत्र लिहीत नाही कधी. कंपनीत ब्रेकडाऊन रिपोर्ट लिहितो तेवढंच. जेवणाच्या सुट्टीत शॉपमध्ये बसून लिहितोय, कागदाला ऑइल लागलं तर माफ करा.

तस्नीमनं मला तुमचं पत्र वाचायला दिलं. आमच्या मशिदीच्या मौलानांना मी विचारून आलो, नाव न सांगता. ते म्हणाले, आमच्या मज्हबात निकाह दुरुस्त आहे, शंका घेऊ नका. म्हणजे माझ्या बाजूनं काम ओके आहे. पण चाचा, गेज एका टोकाला बसतो आणि दुसऱ्या टोकाला अडतो, असा पीस मी कधी पुढे पाठवलेला नाही. लगीन तर दोघांचं असतं.

अम्मीला मी काल खरं सांगितलं. ती आधी चिडली, की हे कुठलं नवीन काढलं, पोरगी सहा महिने घरात नांदतीय. मग म्हणाली, म्हणूनच तू हॉलमध्ये झोपतोस व्हय. मी हो म्हणालो. तर म्हणाली, बरं करतोस.

नोकरीचं तस्नीमनं मला आता विचारलं. तेव्हा मी का बोललो नाही. खरं सांगतो, ती लगेच हो म्हणाली तर मला वाटलं तिलाच नको असंल नोकरी. मी मनात खूशपण झालो, की अम्मीचा आणि हिचा विचार एक आहे. विचारायला पाहिजे होतं. मला माझ्याकडून ती नोकरी सोडायला नको आहे. तिचं काम मी बघितलंय, आमच्या शॉपचा माल तिच्या कंपनीत जातो आणि तिची सही असली की परत येत नाही.

तिला मी सांगितलं, तू वेळ घे. मी वाट बघीन. नाही म्हणालीस तर तलाक देईन, त्रास देणार नाही. हे बोलायला मला जड गेलं, पण बोललो.

तुम्ही याल का? तिनं हो म्हटलं तर.

तुमचा
इरशाद


मोशी, २७ जुलै २०२५

चाचांना सलाम.

इरशादनं तुम्हाला लिहिलं ते मला पोस्टात टाकून आल्यावर सांगितलं. काय लिहिलं ते सांगत नाही. तुम्हीही सांगू नका.

गुरुवारी मी आणि अम्मी दोघीच घरी होतो. इरशाद त्याच्या मामांकडे गेला होता. अम्मी कांदे निवडत बसल्या होत्या, चाकणच्या मार्केटातनं अख्खी गोणी आणली होती. मी समोर बसले आणि म्हटलं, "अम्मी, मला नोकरी सोडायची नाही."

त्यांनी हातातला कांदा खाली ठेवला. "मग व्हय का म्हनलीस?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

"मी इचारलं म्हंजे न्हाई म्हनायला बंदी हुती व्हय? मी तुझ्या कामाला कावून न्हाई बोलले. सेकंड शिफ्टची तुझी बस हायवेवर सोडती. तिथनं तू आत चालत येतीस. दोन्ही अंगानं कंटेनर पळत्यात. मी गॅलरीत उभी ऱ्हाती तू दिसूस्तवर. गुडघं दुखत्यात माझं. नोकरी सोडली तर उभं ऱ्हावं लागनार न्हाई, एवढंच डोक्यात हुतं माझ्या."

मला हे माहीतच नव्हतं. मी घरी येते तेव्हा त्या आत टीव्हीपुढे असतात. मी दिसले की आत जाऊन बसत असणार.

"तुम्ही असं सांगितलं असतंत तर," मी म्हटलं.

"तू असं इचारलं असतंस तर," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा कांदा उचलला. थोड्या वेळानं मान खाली ठेवूनच म्हणाल्या, "ऱ्हानार हाईस का जानार हाईस?"

"राहणार आहे."

"लगीच बोलू नगंस. तुझी सवय वाईट हाय ती."

चाचा, मी हसले, आणि मग हसता हसता रडूही आलं. त्यांनी पदराला हात पुसून माझ्या डोक्यावरून फिरवला, तरी कांद्याचा वास आलाच.

तर उत्तर असं. मी विचार केला. इरशाद आल्यावर त्याच्याशीही बोलले. त्यानं विचारलं, निकाह नवा म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायचा मेहरही नवा, तुला काय हवं? मी आधी काहीच नको म्हणणार होते. मग थांबले, आणि म्हटलं, मला गाडी शिकव. त्याची जुनी मोटरसायकल नाही, स्कूटर घेऊ आणि ती मी चालवीन. बस चुकली तर अडायचं नाही, हायवेच्या कडेनं चालायचं नाही, कुणी गॅलरीत उभं राहायचं नाही. तो म्हणाला, हा काय मेहर झाला? मी म्हटलं, चाचांना विचारू. शिकवणं मेहर म्हणून चालतं का? आणि नोकरी सोडायची नाही, ही अट निकाहात घालता येते का?

तारीख तुम्ही सांगा. गुरुवार असावा.

तस्नीम


पांगारखाडी
१ ऑगस्ट २०२५

अजीज तस्नीम,

आता कसं माझ्या भावाच्या मुलीचं पत्र वाटलं.

मेहर. आपल्या मज्हबात एखादी उपयोगाची गोष्ट शिकवणं मेहर म्हणून चालतं. गाडी शिकवणं का चालू नये? पण मोघम चालणार नाही. "गाडी शिकव" म्हणजे काय, एक दिवस मागे बसून ओरडला की झालं? तेव्हा असं ठरवा: मोशीच्या घरापासून चाकणच्या कंपनीच्या फाटकापर्यंत तुला एकटीनं नेता-आणता येईल, इतकी शिकवायची. हनफींकडे मात्र मेहर म्हणून माल लागतो, शिकवण्यावर त्यांचं समाधान होत नाही. म्हणून इरशादनं बरोबर थोडी चांदीही द्यावी, त्यांच्या मापाला पुरेल एवढी. चांदी त्यांच्यासाठी, गाडी आपल्यासाठी. या खेपेला दोन्ही मज्हबांत कुठेही सैल राहू देणार नाही.

नोकरीची अट निकाहात घालू नकोस. आपल्या किताबात अशी अट निकाहाला बांधत नाहीत, निकाह लागतो आणि अट गळून पडते. गळून पडणारी वस्तू कशाला घालायची? त्यापेक्षा इरशादकडून आणि त्याच्या आईकडून वचन घे, चारचौघांत. मुसलमानाचं वचन म्हणजे पुरेसं मोठं प्रकरण आहे.

चाचीला सांगितलं सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता पुन्हा हळद लावायची काय?" मी म्हटलं, मसल्यात तरी कुठे दिसत नाही. ती म्हणाली, मसल्यात नसली तरी मी डबीतून घेऊन येणार. तेव्हा आम्ही दोघं आणि वाटेत तुझी आई, असे बुधवारी संध्याकाळी वल्लभनगरला उतरू. ७ तारखेला गुरुवार आहे.

साक्षीदार दोन, समजूतदार. त्या मौलानांनाच एक साक्षीदार म्हणून बोलाव. माणूस बरा दिसतो.

दुआगो
चाचा


मोशी, ८ ऑगस्ट २०२५

चाचांना आणि चाचीला सलाम.

तुमची एसटी निघाली आणि मी तशीच कंपनीत गेले. फर्स्ट शिफ्ट होती. हाताला चाचीची हळद तशीच आहे, ग्लोव्हज काढले की सगळ्या पोरी विचारतात. चांदीचं पैंजण अम्मींनी कपाटात ठेवलं. स्कूटर दसऱ्याला घेऊ म्हणतोय इरशाद, तोवर मामांची मागून आणलीय. संध्याकाळी सेक्टरच्या मोकळ्या रस्त्यावर पहिला धडा झाला. मी ब्रेक जोरात दाबते, असं त्याचं म्हणणं आहे. अम्मी खुर्ची टाकून बघत बसल्या होत्या आणि मध्येच त्यालाच रागावत होत्या, की हळू सांग तिला.

पण मला काल दुपारचं लिहायचंय. तुम्हाला निघायची घाई होती, बोलता आलं नाही.

तुम्ही मौलाना आणि इरशादच्या मामांना साक्षीदार म्हणून घेऊन आतल्या खोलीत आलात. या वेळी कॅमेरा नव्हता, गर्दी नव्हती. आई पलंगावर, चाची तिच्याशेजारी, अम्मी दाराच्या चौकटीला टेकून. तुम्ही माझ्यासमोर खाली बसलात, गुडघ्याला त्रास होत असूनही, आणि सावकाश विचारलंत, "तस्नीम बिन्ते अब्दुल रऊफ, इरशाद वल्द सिकंदर मुलाणी याच्याशी, ठरलेल्या मेहरावर, तुझा निकाह लावून द्यायची तू मला इजाजत देतेस का?"

आणि मी गप्प राहिले. बराच वेळ. आईनं चाचीचा हात धरलेला मी बघितला. तुमचा चेहरा उतरला. तुम्ही पुढे वाकलात, तुम्हाला वाटलं मी बोलले आणि तुम्हाला ऐकू आलं नाही. मौलाना खाली बघायला लागले. बाहेर हॉलमध्ये इरशाद होता, आणि तिथली कुजबुजही थांबली होती.

मी तुम्हाला हातानं थांबा म्हटलं. तुम्ही ते चुकीचं समजलात, मला नंतर चाचीनं सांगितलं. तुम्हाला वाटलं, पोरगी फिरली.

मी फिरले नव्हते, चाचा. जानेवारीत तुम्ही "इजाजत" या शब्दापर्यंत पोहोचायच्या आत माझी मान हलली होती. काल मी प्रश्न शेवटपर्यंत ऐकला. मग आत काय उत्तर येतंय, ते बघत बसले. नाही असं येतंय का, यालाही पुरेसा वेळ दिला. तुम्ही समोर होतात, घेऊन जायला तयार होतात, आणि बाहेर एक माणूस होता जो जाऊ द्यायला तयार होता. नाही म्हणायला इतकी मोकळी जागा मला पुन्हा कधी मिळणार नव्हती.

आलं नाही. मग मी हो म्हटलं, आणि मोठ्यानं म्हटलं.

तुमची
तस्नीम